निगेटिव्हवरची पेन्सिल

जुन्या स्टुडिओतली हाफ प्लेटची, म्हणजे तळहातापेक्षा थोड्या मोठ्या मापाची, एखादी निगेटिव्ह हाती आली, तर ती उजेडासमोर सरळ धरून, कोण आहे एवढे पाहून लगेच बाजूला ठेवू नये. ती थोडी तिरपी करावी, म्हणजे उजेड जिलेटिनच्या बाजूवरून घसरत जातो आणि चेहऱ्याच्या जागी आजूबाजूपेक्षा वेगळी, किंचित चिकट वाटणारी चमक दिसते. त्या जागेवर भिंग धरले की डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही अंगांना, कपाळावर आणि ओठांच्या कोपऱ्यांत शिसपेन्सिलीच्या अतिशय बारीक खुणा दिसू लागतात. काही स्वल्पविरामाच्या आकाराच्या असतात, काही एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात, तर काही नुसतेच ठिपके असतात.

गेली काही वर्षे मी नागपुरातल्या ओळखीच्या घरांमधले जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करून देते. महालातल्या वाड्यांतून, इतवारीतल्या दुकानांच्या वरच्या खोल्यांतून, धरमपेठेतल्या बंगल्यांतून हे डबे माझ्याकडे येतात आणि देणारे बहुतेक जण एकच विनंती करतात, की तोंडावर हे जे डाग पडले आहेत ते तेवढे साफ करून द्या. ते डाग नाहीत. ते एका माणसाने खिडकीशी बसून, श्वास रोखून केलेले काम आहे आणि आपल्या आजी-आजोबांचे जे चेहरे आपण भिंतीवर पाहत मोठे झालो, ते त्या कामामुळेच तसे दिसतात. हे काम काय होते, कसे होत असे आणि ते पुसून का टाकू नये, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे मोठे काका सीताबर्डीच्या एका स्टुडिओत रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवर आणि प्रतीवर हाताने फोटो सुधारण्याचे काम, करत असत. गिऱ्हाइकांच्या भाषेत त्याला 'टचिंग' म्हणत आणि स्टुडिओतल्या मंडळींच्या भाषेत 'फिनिशिंग'. काकांनी गिऱ्हाइकाचा फोटो क्वचितच काढला असेल. कॅमेऱ्यामागे मालक उभे राहत आणि पाटीवर नावही त्यांचेच होते. काका मागच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसून पाहत असे आणि पुढे त्यांनी मला बिघडलेल्या निगेटिव्हवर हात चालवायला शिकवले. या लेखातले पुष्कळसे त्या खोलीत शिकलेले आहे.

मुळात चेहऱ्याला हात लावण्याची गरज का पडली, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण आजच्या फोटोंच्या सवयीने ते लक्षात येत नाही. केवळ हौसेपोटी किंवा खोटे सौंदर्य आणण्यासाठी रिटचिंग सुरू झाले, ही समजूत अर्धवट आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली, काचेवर ओला रासायनिक थर देऊन फोटो काढण्याची कलोडियनची पद्धत असो किंवा पुढे १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा असोत, त्यांना निळा आणि जांभळा प्रकाशच प्रामुख्याने दिसत असे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून हिरव्या प्रकाशाचीही संवेदना आणता येते हे दाखवले आणि त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म आल्या. पण लाल रंगाला त्याही आंधळ्याच राहिल्या. आता माणसाची त्वचा कशी असते ते पाहा. पुटकुळी लाल असते, वांगाचा डाग तपकिरी असतो, डोळ्यांखालची त्वचा तांबूस काळपट असते, उन्हाने रापलेले गाल तांबडे असतात. लाल न दिसणाऱ्या फिल्मवर हे सगळे आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त काळे उमटते. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा डाग फोटोत ठसठशीत होतो आणि चाळिशीची बाई पन्नाशीची दिसू लागते. म्हणजे आधी कॅमेराच चेहऱ्यावर अन्याय करत होता आणि पेन्सिल तो निस्तरत होती. हे काकांचे नेहमीचे सांगणे होते आणि मला ते आजही पटते.

१८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हानफ्स्टेंगल यांनी एकाच निगेटिव्हच्या रिटच करण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या प्रती शेजारी-शेजारी मांडल्या आणि ते पाहून लोक थक्क झाले, असे फोटोग्राफीच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्यानंतर थोड्याच काळात युरोपातल्या स्टुडिओंमध्ये रिटचर हा वेगळा कारागीर झाला. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. शहरोशहरी स्टुडिओ उघडत गेले तशी कॅमेऱ्याबरोबर ही विद्याही पोचली आणि आपल्याकडच्या चित्र रंगवणाऱ्या हातांनी ती चटकन उचलली.

आता प्रत्यक्ष काम. रिटचिंगचे टेबल म्हणजे उतरत्या फळीची एक लाकडी पेटी असे. फळीच्या मध्यभागी चौकोनी खिडकी आणि तिच्यात दुधी काच. खाली एक आरसा, जो खिडकीतला उजेड वर फेकत असे. आणि वरून काळ्या कापडाचे छप्पर, म्हणजे डोळ्यांत दुसरा उजेड येऊ नये. निगेटिव्ह त्या दुधी काचेवर जिलेटिनची बाजू वर करून ठेवायची. जिलेटिन गुळगुळीत असते आणि त्यावर पेन्सिल नुसती घसरते, म्हणून आधी त्यावर डमार राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेल्या 'मीडियम'चा एक थेंब टाकून कापसाच्या बोळ्याने गोल-गोल फिरवत पातळ पसरायचा, इतका की जवळजवळ काहीच राहिले नाही असे वाटावे. हा थर वाळला की पृष्ठभागाला किंचित पकड येते. निगेटिव्ह तिरपी धरल्यावर दिसणारी ती चमक याच थराची.

पेन्सिलीला टोक काढणे हे स्वतंत्र काम होते. लाकूड तासून शिसे दीड इंचभर उघडे करायचे, मग पॉलिश पेपरची घडी करून तिच्यात ते शिसे फिरवत फिरवत टोक बाभळीच्या काट्यासारखे लांब आणि निमुळते आणायचे. एचबीपासून चार एचपर्यंतच्या पेन्सिली काका एका कपात उभ्या करून ठेवत. निगेटिव्हचा भाग जितका पातळ तितकी पेन्सिल कठीण. हात निगेटिव्हवर टेकायचा नाही. मनगटाखाली टिपकागदाची पट्टी असायचीच, कारण घामाचा एक थेंब जिलेटिनवर पडला की ते तिथे फुगते आणि कायमची खूण राहते. आणि दाब मुळीच द्यायचा नाही. पेन्सिल नुसती तरंगत न्यायची आणि रेघ दिसली असे वाटले तर ती जास्त झाली असे समजायचे.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे उलटा विचार. निगेटिव्हमध्ये गोरे ते काळे आणि काळे ते पारदर्शक असते. सुरकुती म्हणजे कागदावर काळी पडणारी रेघ. निगेटिव्हवर ती स्वच्छ, उजेड आरपार जाऊ देणारी फट म्हणून दिसते. त्या फटीत पेन्सिलीने ग्रॅफाइट भरत जायचे, म्हणजे तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर तो भाग उजळतो. भरताना आजूबाजूच्या भागाइतकीच घनता आली पाहिजे; थोडी कमी पडली तर सुरकुती राहते, थोडी जास्त झाली तर तिच्या जागी पांढरा ओरखडा उमटतो. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच आणि त्यातल्या अर्ध्या अंगाच्या फोटोत चेहरा जेमतेम इंचभराचा. एवढ्या जागेत रेघांची दिशाही सांभाळायची असते. गालावरच्या रेघा गालाच्या गोलाईने फिरल्या पाहिजेत आणि नाकावरच्या नाकाच्या उताराने, नाहीतर एन्लार्ज केल्यावर चेहरा सपाट मेणाचा वाटतो. चुकले तर मीडियम टर्पेंटाइनने पुसून पुन्हा आरंभ करता येतो, ही त्यातली एकमेव सवलत.

एका फोटोवरचे काम माझ्या चांगले लक्षात आहे. निवृत्त झालेले एक शिक्षक होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, चष्मा. कपाळावर तीन ठळक आठ्या आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत उतरलेल्या दोन खोल रेघा. काकांनी मला एका आठीवर हात चालवायला दिला आणि मी मन लावून ती पार भरून टाकायला निघाले, तेव्हा त्यांनी हात धरला. "काहून काढून राहिली बेटा? पोरांना शिकवून शिकवून पडली ती. थोडी फिकी कर, पुसू नको." मग त्यांनी स्वतः काम घेतले. आठी त्यांनी दोन्ही टोकांकडून भरत आणली आणि मध्यभाग तसाच ठेवला, म्हणजे रेघ राहिली पण तिची धार गेली. नाकाकडून उतरणाऱ्या रेघांचा वरचा निम्मा भाग मऊ केला, खालचा राहू दिला. डोळ्यांखालचा काळपटपणा अगदी कठीण पेन्सिलीने, ठिपक्या-ठिपक्यांनी एक छटा वर आणला. कानाजवळच्या तिळाला हात लावला नाही. प्रत निघाली तेव्हा मास्तर विश्रांती घेऊन आल्यासारखे दिसत होते आणि ओळखू मात्र पूर्ण येत होते. काय काढावे हे चार-सहा महिन्यांत शिकता येते. काय राहू द्यावे हे शिकायला काकांच्या मते निम्मे आयुष्य जाते. मला रिटचिंगचे सारे मोठेपण या दुसऱ्या भागात दिसते.

पेन्सिलीने फक्त उजळ करता येते. काही काळे करायचे असेल तर निगेटिव्हवरची चांदी कमी करावी लागते आणि त्यासाठी सुरी असे. चष्म्याच्या काचेवर दिव्याचा झोत पडून पांढरा ठिपका आला असेल, काळ्या पडद्यावर एखादा पिकला केस उडालेला दिसत असेल, तर त्या जागी निगेटिव्ह घट्ट काळी असते. तिथले जिलेटिन तेलाच्या दगडावर परजलेल्या बारीक पात्याने, पाते जवळजवळ आडवे धरून, पापुद्र्या-पापुद्र्याने खरवडायचे. इथे पुसून पुन्हा आरंभ करण्याची सोय नाही. गेलेले जिलेटिन परत येत नाही आणि काच असली तर तीच एकमेव प्रत असते. सुरी हातात घेतली की काका कोणाशी बोलत नसत.

याखेरीज लाल रंगाची युक्ती होती. निओ-कॉक्सिन नावाचे लाल रंगद्रव्य पाण्यात अगदी फिके करून ब्रशने निगेटिव्हच्या हव्या त्या भागावर थर देत न्यायचे. छपाईचा ब्रोमाइड कागद निळ्या प्रकाशाने उमटतो आणि लाल रंग निळा प्रकाश अडवतो, म्हणून तेवढा भाग कागदावर उजळ येतो. डार्करूममध्ये लाल दिवा चालतो त्याचेही कारण हेच. काळ्या कोटाच्या घड्या दिसाव्यात, केसांत थोडा तपशील यावा, सावलीतला अर्धा चेहरा वर यावा, यासाठी हा रंग वापरत. आज अशा निगेटिव्हवर गुलाबी झाक दिसली की लोकांना वाटते रसायन उतरले आहे किंवा निगेटिव्ह खराब झाली आहे. ती झाकही मुद्दाम दिलेली असते.

कुंकवाची गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटते, कारण ती केवळ आपल्याकडचीच आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, त्यामुळे बाईच्या कपाळावरचे कुंकू तिच्यावर गडद काळे आणि ठसठशीत उमटे. पुढे सर्व रंगांना संवेदनशील असलेली पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली. तिने त्वचा अधिक खरी दिसू लागली, डाग कमी झाले आणि पेन्सिलीचे काम हलके झाले. पण तिला लाल रंग चांगला दिसत असल्याने कुंकू फिके पडले, स्टुडिओच्या पिवळसर दिव्यांत तर ते त्वचेच्या रंगात जवळजवळ मिसळून जाऊ लागले. नवरा-बायकोचा जोडफोटो घ्यायला आलेल्या घरात यावरून केवढा गहजब होत असेल याची कल्पना करता येते. मग प्रतीवर ब्रशने कुंकू लावणे हे रोजचे काम झाले. ते गोल की आडवे, मोठे की टिकलीएवढे, हे त्या बाईलाच विचारून वहीत लिहून ठेवत. तिच्या कपाळावर रोज दिसणारे कुंकू तसेच्या तसे उमटावे, एवढीच त्यामागची धडपड होती.

प्रतीवरच्या कामाला 'स्पॉटिंग' म्हणत. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की कागदावर पांढरा ठिपका येतो आणि नागपूरसारख्या गावात एप्रिल-मेमध्ये धूळ टाळणे कोणाच्याच हातात नसते. शून्य नंबरचा ब्रश, काळा-तपकिरी रंग आणि किंचित डिंकाचे पाणी. ब्रश जवळजवळ कोरडा करून टोकाने नुसता स्पर्श करायचा, ओढायचा नाही. आधी सावलीतले गडद ठिपके, मग रंग फिका होत जाईल तसे उजळ भागातले.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. फिल्म धुण्याची सारी कोष्टके २० अंश सेल्सिअस धरून केलेली असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गच्चीवरच्या टाकीचे पाणी सरळ डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, वापरले तर जिलेटिन फुगते, कडेने सुटू लागते, कधी अख्खा थरच काचेवरून घसरतो. म्हणून माठातले पाणी, ट्रेभोवती बर्फ, जिलेटिन घट्ट करणारी क्रोम तुरटी आणि शक्यतो रात्री उशिराचे काम, अशी सगळी व्यवस्था करावी लागे. एवढे करूनही वाचलेल्या निगेटिव्हवर कुठेतरी फोड, कुठेतरी ओरखडा राहायचाच आणि तो पुन्हा पेन्सिलीकडे यायचा. रिटचिंग चालू असताना काका कूलर बंद ठेवत, कारण त्याच्या झोतातली दमट हवा आणि धूळ दोन्ही मीडियमवर बसतात. बाहेर लू वाहत असताना बंद खोलीत डोक्यावर काळे कापड घेऊन हा माणूस कोणा अनोळखी बाईच्या गालावरच्या छटा जुळवत बसलेला असे. अशा कामाचे श्रेय फोटोच्या मागच्या शिक्क्यावर कुठेही नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिवंगतांच्या तसबिरी हे सर्वांत मोठे आणि सर्वांत जबाबदारीचे काम. त्या काळी कित्येक माणसांचा आयुष्यात एखाददुसराच फोटो निघालेला असे, तोही लग्नातल्या घोळक्यात. घरचे लोक तो फोटो घेऊन येत आणि यातून फक्त आमचे बाबा काढून द्या म्हणत. मग त्या फोटोची कॉपी निगेटिव्ह काढायची, तिच्यावरून मॅट कागदावर फिकट एन्लार्जमेंट करायची आणि बाकीचे हाताने उभे करायचे. शेजाऱ्याचा खांद्यावर आलेला हात काढला की त्या जागी खांदा काढावा लागतो आणि त्या खांद्यावर कोटाची शिवणही यायला हवी. मिटलेले डोळे उघडावे लागत. पार्श्वभूमी एअरब्रशने किंवा काळी पूड कापसाने चोळून भरत. नवरा-बायकोचा एकत्र फोटोच नसेल, तर दोन वेगळ्या प्रती कापून, कडा मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करून एकमेकींना चिकटवायच्या, जोड रंगाने मिटवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. काका घरच्यांना फार बारीक प्रश्न विचारत: भांग कोणत्या बाजूला पाडत, कानात भिकबाळी होती का, टोपी सरळ घालत की जरा तिरपी, आईचा पदर डोक्यावरून असे की खांद्यावरून. रडत आलेली माणसे ती उत्तरे देता देता शांत होत, हे मी पाहिले आहे. चंदनाचा हार घातलेली अशी एखादी तसबीर जवळजवळ प्रत्येक मराठी घरात असते, पण तिच्यातला किती भाग कॅमेऱ्याचा आणि किती हाताचा हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्यावर रंग चढवायचे असतील तर प्रत आधी सेपिया करून घेत, कारण काळ्या सावल्यांवर त्वचेचा रंग मळका दिसतो आणि तपकिरी सावल्यांवर तो खुलतो. पारदर्शक तैलरंग कापसाच्या बारीक बोळ्याने चोळायचे, जास्तीचा रंग टर्पेंटाइनने उचलायचा आणि वाळायला काही दिवस द्यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या शहरात धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात निळ्या कोटातली त्यांची तसबीर किती घरांत आहे हे सांगायला नको. त्यांपैकी काही जुन्या, हाताने रंगवलेल्या तसबिरी मी अगदी जवळून पाहिल्या आहेत. कोटाचा निळा रंग एका घरात गडद आहे, दुसऱ्या घरात मोरपिशी आहे आणि प्रत्येकीत चष्म्याच्या काडीवर पांढऱ्या रंगाचा एक नेमका बिंदू आहे. छापील चित्रांत असा घराघरागणिक फरक सापडत नाही.

या कलेची एक बाजू मला मुळीच आवडत नाही आणि ती लपवूनही ठेवायची नाही. लग्नासाठी मुलीचा फोटो पाठवायचा असला की थोडी उजळ करा, ही मागणी हमखास येई. लाल रंगाचा एक थर किंवा छपाईतला काही सेकंदांचा फरक एवढ्याने ते होत असे आणि सगळे स्टुडिओ ते करत. कॅमेऱ्याने वाढवलेला काळेपणा कमी करणे वेगळे आणि मुलीला तिचा स्वतःचा रंग नाकारणे वेगळे. फोटो पाहून आलेल्या मंडळींसमोर चहाचा ट्रे घेऊन त्या मुलीलाच उभे राहावे लागे, रिटचरला नव्हे. काका अशा कामात नाक-डोळ्यांना हात लावत नसत, पण रंग मात्र सांगितला तेवढा उजळ करून देत. ते त्यांनी करायला नको होते असे मी त्यांना म्हटलेही होते. सोव्हिएत रशियात तर याच हत्यारांनी माणसे इतिहासातून काढली गेली. मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी चालणारा, त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेला निकोलाय येझॉव्ह १९४० मध्ये त्याला देहदंड झाल्यावर फोटोतून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नुसते पाणी उरले. ते पाणीही कुठल्या तरी निष्णात हातानेच भरलेले आहे.

संगणक आला आणि ही कला संपली, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते ती त्याआधीच संपत आली होती. तिचा खरा शत्रू निगेटिव्हचा आकार होता. हाफ प्लेटची जागा १२० क्रमांकाच्या लहान रोल फिल्मने घेतली तेव्हाच चेहरा नखाएवढा झाला होता. ३५ मिलिमीटरची फिल्म आली आणि २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चौकटीत पाच माणसे उभी राहू लागली, तेव्हा पेन्सिलीचे टोकच चेहऱ्यापेक्षा मोठे ठरले. मग रंगीत फिल्म आली. तिच्यात तीन रंगांचे थर आणि वर नारिंगी झाक, तिथे ग्रॅफाइटची एकच करडी छटा काय करणार? रंगीत लॅबमध्ये तासाभरात प्रती मिळू लागल्या आणि प्रत्येक चेहऱ्यावर अर्धा दिवस घालवणे कोणालाच परवडेना. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, तोवर काकांच्या टेबलावर मुख्यतः जुन्या तसबिरींच्या दुरुस्तीचेच काम उरले होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये भाग उजळ करण्याचे जे चिन्ह आहे, ती तारेला लावलेली गोल चकती डार्करूममधली आहे, आणि भाग गडद करण्याचे चिन्ह म्हणजे एन्लार्जरच्या उजेडाखाली धरलेला हात. मी स्वतः त्या सॉफ्टवेअरवर रोज काम करते आणि ते मला आवडते; पण कितीही वेळा मागे जाता येत असल्यामुळे कुठे थांबायचे याचा विचार त्यात आपोआप होत नाही. चेहरा गुळगुळीत करण्याचे बटण मास्तरांच्या आठ्या एका झटक्यात काढून टाकते.

म्हणून ज्यांच्या घरी अशा निगेटिव्ह आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी आग्रहाने लिहिते. निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका, लाल रंग निघून जाईल. स्पिरिट किंवा टर्पेंटाइनने पुसू नका, मीडियमबरोबर पेन्सिलही निघेल. मऊ ब्रशने किंवा रबरी फुग्याने धूळ उडवा, तेवढे पुरे. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका; नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे फिल्म लवकर कुजते, आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती फिल्म इतरांपासून लगेच वेगळी करा. स्कॅन करताना धूळ काढणारा इन्फ्रारेडचा पर्याय बंद ठेवा, कारण कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि यंत्राला चेहराच धूळ वाटू लागतो. हाफ प्लेटसाठी १२०० डीपीआय, म्हणजे इंचामागे १२०० ठिपके, पुरेसे आहे. एक फाइल काहीही न बदलता, पेन्सिलीसकट जपून ठेवा आणि भिंतीवर लावायला हवी तर दुसरी करा. निगेटिव्ह ज्या कागदी पाकिटात असेल ते पाकीटही टाकू नका. त्यावर बहुधा स्टुडिओच्या वहीतला क्रमांक असतो आणि कधीकधी कोपऱ्यात रिटचरने स्वतःसाठी लिहिलेली सूचनाही असते. माझ्याकडे अलीकडेच आलेल्या एका पाकिटावर पेन्सिलीने लिहिले होते, 'डावा गाल कमी, तीळ ठेवणे.'